पाणी ओळखणारं यंत्र

कैरो, ३ नोव्हेंबर १९६५

सालिहा, माझ्या आईच्या लेकी,

तुझ्यावर, बशीरवर, सूनबाईवर आणि तुझ्या त्या भांडकुदळ शेळीवरही शांती असो. दोन महिने पत्र नाही म्हणून मला भरपूर शिव्या घातल्या असशील. घाल, माझं काही म्हणणं नाही. पण इथे संग्रहालयात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. धरणात बुडालेल्या आपल्या गावांच्या वस्तूंचं नवं दालन उघडलंय. दारं, चटया, टोपल्या, लाकडी कुलपं, सगळं रांगेत मांडून खाली चिठ्ठ्या डकवल्यात. आमच्या प्रमुख डॉक्टर इन्साफबाई म्हणाल्या, "महजूब, तू तिकडचाच. हे दालन तूच राख." बावीस वर्षं या शहरात दुसऱ्यांची दारं राखली. आता आपलीच राखतोय.

खरी गंमत तर पुढेच आहे. चोर पकडायला परदेशातून यंत्र आलंय. त्याच्याबरोबर नसीम नावाचा इंजिनियर आलाय. अंगाने काडी, पण चहात पाच चमचे साखर लागते. त्याने फळ्यांच्या खालून तांब्याच्या जाळ्या ठोकल्या आणि तारा ओढून आमच्या खोलीत एक पेटी बसवली. पेटीवर काटा, लाल दिवा आणि घंटा. संध्याकाळी दालन बंद केलं की पेटीचा खटका ओढायचा. मग आत कोणी आला आणि फळीजवळ नुसता हात नेला तरी काटा हलतो, घंटा वाजते, आणि तीच घंटा पोलीसचौकीतही वाजते.

माझ्या जोडीला खलफ आहे, सोहागकडचा. गडी मिशाळ, आवाज म्हशीसारखा, घरी चार मुली. यंत्र अजमावायला तो अनवाणी, श्वास रोखून फळीकडे सरकला. वीतभर अंतर राहिलं तोच घंटा! खलफ म्हणाला, "माझी बायकोसुद्धा इतक्या लांबून मला ओळखत नाही!"

मी नसीमला विचारलं, "बाबा, याला डोळे नाहीत, कान नाहीत, मग कळतं कसं?" तो म्हणाला, "चाचा, माणूस म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी. ते जवळ आलं की जाळीतल्या विजेचा तोल ढळतो. बस, एवढंच."

हसून झालं. आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. खिडकीजवळच्या वरच्या फळीवर मातीची सात वाडगी आहेत. चिठ्ठीवर लिहिलंय, 'कबरीच्या उशाशी पाणी ठेवण्याचं भांडं.' गाव सोडल्यावर डॉक्टरबाईंच्या माणसांनी दफनभूमीतून उचलून आणलेली. त्यातलं तिसरं आपल्या नबराचं आहे. कडेला तुझ्या नखांच्या खुणा आहेत, एकीकडे दाट, एकीकडे विरळ. करताना तू रडत होतीस आणि बातमी ऐकून गावी आलेला मी शेजारी उभा होतो, त्यामुळे ओळखण्यात माझी चूक होणार नाही.

सांगू की नको, यात आठ दिवस गेले. सांगितलं.

तुझा महजूब


नवी वस्ती, १४ नोव्हेंबर १९६५

महजूबदादा,

पत्र बशीरला वाचू दिलं नाही. एकटीनेच वाचलं, अक्षरं लावत लावत. तू लहानपणी छडी मारून शिकवलीस ती कामाला आली.

इथलं काय सांगू? सरकारने घरं दिली, सगळी एका साच्यातली. दोन वर्षं झाली तरी मी अजून शेजारणीच्या दारात शिरते. नदी इतकी लांब की वाराही तिकडचा येत नाही. बायका म्हणतात, आता हेच आपलं गाव. मी म्हणते, तुमचं असेल. ज्या मातीत माझं कोणी नाही ते माझं गाव कसलं? बशीरच्या बायकोला दिवस गेलेत. सगळ्यांना आनंद झालाय, मलाही होईल, थोडा वेळ लागेल.

आता कान देऊन ऐक. गाव सोडलं त्या सकाळी मी नबराच्या वाडग्यात पाणी भरलं आणि मग बोटीत बसले. तेव्हापासून कोणी भरलं नाही. सात वर्षांची पोर आहे ती, दादा. अख्खी नदी तिच्या डोक्यावर चढून बसली आणि तिचं वाडगं कोरडं! दर गुरुवारी संध्याकाळी ते भर, शुक्रवारच्या आधी, जसं आपण भरत होतो. घोटभर पुरे. कबर नाही तर नाही, वाडगं तर आहे. आता तुझं ते यंत्र मध्ये येतं की तुझी डॉक्टरबाई, मला सांगू नकोस. तू तिचा मामा आहेस.

सालिहा


कैरो, २० डिसेंबर १९६५

सालिहा,

भरलं. पाच गुरुवार झाले.

चारला दालन बंद होतं. शेवटचा माणूस गेला की मी चहाच्या पेल्यात पाणी नेतो, स्टुलावर चढतो, फातिहा म्हणतो आणि अर्धा पेला ओततो. मग खाली उतरून खटका ओढतो. फळी डोक्याच्याही वर आहे, त्यामुळे वाडग्यात काय आहे ते कोणाला दिसत नाही. शनिवारी सकाळी बघावं तर कोरडं ठणठणीत. आपली माती तहानलेली. पहिल्या दिवशी निम्मं पाणी बाहीतच गेलं. बावीस वर्षांत इथली सुई मी इकडची तिकडे केली नव्हती. पण उतरलो तेव्हा छाती हलकी वाटली, खोटं का बोलू?

दुसरीकडे आमच्या यंत्राने पुरता जीव खाल्लाय. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं आणि खलफ एकटा पहाऱ्यावर असतो. गेले पाच शुक्रवार सकाळी दहा-अकराच्या सुमाराला घंटा वाजते. पोलीस धावत येतात, कपाटामागे बघतात, चटया उलथतात. ना चोर, ना चोराची सावली. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा वैतागले. आता फौजदार खलफला विचारतो, "आत तुझं कोण येतं रे?" खलफ म्हणतो, "जिन्न असेल साहेब." फौजदार म्हणतो, "जिन्नाला किल्ली कोण देतं?"

नसीमने पेटी तीनदा उघडून जोडली. बाकी सहा दिवस यंत्र शहाण्या सुनेसारखं वागतं. मला वाटतं चोर भारी हुशार आहे, खलफच्या चहाची वेळ साधतो.

चार दिवसांवर रमजान आला. तुमच्याकडे खजूर कसा आहे?

महजूब


नवी वस्ती, १५ जानेवारी १९६६

दादा,

देव तुझे हात कधी रिकामे ठेवणार नाही. तुझं पत्र आलं त्या रात्री मी सलग झोपले. दोन वर्षांत पहिल्यांदा. नबरा स्वप्नात आली, तिचे ओठ ओले होते. मी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुमचा चेहराच बदललाय." काल मी तिच्या बाळासाठी टोपडं विणायला घेतलं. घेतलं एकदाचं.

वस्तीवरचा एकजण कैरोला निघालाय, त्याच्याबरोबर अब्रेह पाठवते, घरच्याच पातळ वाळक्या पोळ्यांचं. पाण्यात भिजवून रोजा सोडताना खा. बाजारातलं सरबत पिऊन पोट बिघडवू नकोस. आणि तुझ्या यंत्राला एवढं पारखून आणलं, तर अक्कलही मागवायची होती ना बरोबर! खलफला माझा सलाम सांग. चार मुलींच्या बापाला कोण चोर म्हणेल?

ईदनंतरच्या पहिल्या गुरुवारी पूर्ण पेला ओत. सणाचं पाणी जास्त असतं.

सालिहा


कैरो, ८ फेब्रुवारी १९६६

सालिहा,

खलफला कामावरून काढलं. ईदनंतरच्या शुक्रवारी घंटा थांबेचना. फौजदाराने त्याला चौकीत नेलं, दोन दिवस ठेवलं. बाहेर आला तेव्हा एक डोळा मिटलेला होता. दालनातून काहीही गेलेलं नाही, तरी म्हणतात हा चोरांना वाट शिकवत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी! सव्वीस तारखेला चौकशीची बैठक आहे. तिथे ठरलं की झालं, मग त्याला सरकारी नोकरी कुठेच मिळणार नाही. त्याची बायको रोज सकाळी येऊन फाटकाबाहेर बसते. काही मागत नाही, नुसती बसते.

दुसरं एक. माझा गुडघा धरलाय, स्टुलावर चढवत नाही. काही आठवडे पाणी राहिलं तर चालेल का? तू मनाला लावून घेऊ नकोस.

महजूब


नवी वस्ती, १६ फेब्रुवारी १९६६

महजूब,

दादा म्हणत नाही आज.

गुडघा? तुझ्याच वयाचे इथले लोक खजुराच्या झाडावर चढतात. तुला कसली तरी भीती वाटतेय, किंवा त्या शहराने तुला त्यांच्यासारखं करून टाकलंय. पाणी राहिलं तर चालेल का म्हणून मला विचारतोस? मला?

तू त्या दिवशी गावात नव्हतास म्हणून लिहिते. कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. विंचू चावला तो दुपारी. म्हाताऱ्या जमल्या, म्हणाल्या, "पाणी देऊ नको, पाण्याबरोबर विष चढतं." मी नाही दिलं. ती मागत होती. आधी ओरडून, मग हळू, मग नुसते ओठ हलवून. हंडा तिच्या डोळ्यांसमोर होता. मी तो उचलून बाहेर ठेवला, तिला दिसू नये म्हणून. दिवस मावळून मगरिबची बांग व्हायच्या आत ती गेली. ती तहानेली गेली, दादा, आणि हंडा मी उचलला होता, दुसऱ्या कोणी नाही. गाव सुटेपर्यंत मी तिला पाणीच देत आले, आता तुझ्या हाताने देतेय, आणि तू विचारतोस राहिलं तर चालेल का.

नाही चालणार. एक गुरुवारसुद्धा नाही चालणार.

सालिहा


कैरो, २८ फेब्रुवारी १९६६

सालिहा, माझ्या आईच्या लेकी,

हे पत्र बसून वाच. माझा गुडघा ठणठणीत आहे. मी खोटं लिहिलं.

खलफला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी फळी पुसायला चढलो. ईदचं म्हणून मी पूर्ण पेला ओतला होता. नबराचं वाडगं उचललं तर खालचं लाकूड गार लागलं. बोट दाबलं, ओलं. अगं, आपलं वाडगं पाझरतं. आपण वाळूवर ठेवत होतो, कधी लक्षात आलं नाही. इथे लाकूड आहे आणि लाकडाखाली तांब्याची जाळी. रात्रभर थेंब थेंब झिरपत सकाळी जाळीपर्यंत ओल पोचते, आणि त्या आंधळ्या यंत्राला वाटतं माणूस आला. शनिवारी चारपर्यंत फळी वाळून जाते. चोर मीच होतो. दोन-अडीच महिने मी चोराला शिव्या घालत होतो आणि मार खलफने खाल्ला.

मी काय केलं असेल? लगेच जाऊन सांगितलं असेल? नाही सांगितलं. जवळजवळ चार आठवडे गप्प बसलो. वाटलं, पाणी थांबवलं की घंटा थांबेल. पण घंटा थांबली की सगळे म्हणणार, "बघा, खलफ गेला आणि चोरी थांबली." म्हणजे त्याचा गळा पुरता आवळला. काय करावं कळेना, म्हणून तुला गुडघ्याचं लिहिलं. तू नको म्हणावंस असंही वाटत होतं आणि हो म्हणावंस असंही. तुझं उत्तर आलं. चार वेळा वाचलं. हंड्याचं मला माहीत नव्हतं गं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, पंचवीसला, शुक्रवार असूनही डॉक्टरबाई कागदपत्रं लावायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो. नसीम तिथेच होता. म्हटलं, "बाई, घंटा मी वाजवतो."

त्या म्हणाल्या, "म्हणजे?"

"माझ्या भाचीला पाणी देतो."

नसीमने साखर ढवळायची थांबवली. म्हणाला, "चाचा, पाणी? फळीवर?"

"वाडग्यात. वाडगं पाझरतं."

तो उठला, दोन पेले भरून घेतले आणि माझ्यासमोर वाडगं काठोकाठ भरलं. खटका ओढून आम्ही तिघं खोलीत बसलो, सकाळपासून दुपारपर्यंत, कोणी जेवलं नाही. पाणी जास्त होतं म्हणून अडीचलाच काटा हलला. आधी केसभर, मग बोटभर. घंटा वाजली तेव्हा नसीमने तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "मी पेटीच उघडत बसलो. वाडग्यात डोकावलोच नाही."

डॉक्टरबाईंनी पेटीचा खटका बंद केला. मग म्हणाल्या, "महजूब, तू विचारायचं होतंस."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही. बैठकीत माझ्या बाजूने बोलल्या, म्हणून नोकरी राहिली. पण आता मी बाहेरच्या फाटकावर आहे. दालनात पाऊल टाकायची मला बंदी आहे, टाकलं तर खटला. वाडगं कोरडं करून काचेच्या पेटीत बंद केलंय.

खलफ परत आला. त्याची काठी मीच त्याच्या हातात दिली. एका डोळ्याने बघत म्हणाला, "मगरीच्या पोरा, तुझ्या भाचीच्या पाण्यापायी मी मार खाल्ला होय? आधी सांगितलं असतंस तर कशासाठी खातोय ते तरी कळलं असतं." मी त्याच्या पायाशी वाकलो. त्याने उठवलं नाही, लाथही मारली नाही, तसाच आत निघून गेला.

सालिहा, तू मला एकच काम सांगितलं होतंस. दुसऱ्याच्या चार मुलींसाठी मी आपल्या एकीला तहानेलं ठेवलं. बरोबर केलं असं माझं मन म्हणतं, पण रडू थांबत नाही. तुला जे म्हणायचं ते म्हण. पण लिही.

महजूब


कैरो, १० एप्रिल १९६६

सालिहा,

सहा आठवडे झाले. तुझं पत्र नाही. वस्तीवरच्या माणसाकडून कळलं की बशीरला मुलगी झाली. मुबारक. नाव काय ठेवलं?

शिव्या घाल, पण कागदावर घाल. मी फाटकावर असतो, टपालवाला आधी माझ्याकडेच येतो.

महजूब


नवी वस्ती, ६ मे १९६६

महजूबदादा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी चुलीत टाकणार होते. टाकलं नाही, पण उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मनात म्हणत होते, खलफ कोण आमचा? आता तसं म्हणत नाही. का ते सांगते.

मुलगी मार्चच्या अकरा तारखेला झाली. बशीरने नाव ठेवलं नबरा. मी नको म्हणत होते, तो ऐकेना. सातव्या दिवशी तिला नदीवर न्यायचं, पण नदी कुठली? कालव्यावर नेलं. पोर गोरीपान होती, मुठी घट्ट. माझं टोपडं तिला मोठं झालं. बत्तिसाव्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. या वस्तीत दर उन्हाळ्यात हेच, घरोघरी हेच. म्हाताऱ्या जमल्या. त्याच त्या, बोटीतून आपल्याबरोबर आलेल्या. म्हणाल्या, "पाणी देऊ नको, पाण्याने जास्त होतं."

मी त्यांना घराबाहेर काढलं, दादा. झाडू घेऊन काढलं. पाणी उकळून निववलं आणि कापसाचा बोळा बुडवून तिच्या ओठांवर पिळत बसले. थेंब थेंब. सून झोपली, बशीर झोपला, मी हात थांबवला नाही. दोन दिवस आणि दोन रात्री मी तिला पाणी दिलं. मागितलं तेव्हा दिलं, नाही मागितलं तेव्हाही दिलं. दवाखान्याची गाडी तिसऱ्या दिवशी आली.

गाडी यायच्या आधीच ती गेली. ओठ ओले होते. मी पाणी दिलं तरी गेली.

मी खूप रडले. सगळे म्हणाले, नातीसाठी रडतेय. तिच्यासाठी रडलेच, पण निम्मं रडू त्या हंड्याचं होतं. तेरा वर्षं वाटत होतं, दिलं असतं तर जगली असती. आता ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

टेकडीच्या कडेला, वाळू आहे तिथे तिला ठेवलं. बशीर कालव्याची माती घेऊन आला, मी वाडगं केलं. या मातीला आपल्या मातीसारखा वास नाही, भाजताना दोन फुटली, तिसरं टिकलं. पहिल्या गुरुवारी भरायला गेले तर आजूबाजूला कितीतरी वाडगी दिसली, सगळी लहान लहान. दोन वर्षं मी त्या बाजूला कधी गेलेच नव्हते. आता बायका मला वाट करून देतात आणि पाणी उरलं तर शेजारचंही भरायला सांगतात. मी भरते. भरताना दोघींची नावं घेते.

खलफला सांग, त्याच्या डोळ्यासाठी मी दुआ करते. तू केलंस ते मी केलं नसतं, पण तू केलंस ते बरोबर होतं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. स्टेशनवरून कोणालाही माझं घर विचार. आपल्या गावात आलोय असं म्हण. मीही आता तसंच म्हणते. म्हणावंच लागतं, दादा, इथल्या मातीत माझं माणूस आहे.

तुझी,
सालिहा